वाकलेली गुढी

बालीतल्या घरात सामान लावून तिसरा दिवस असेल. घरमालकीणबाई केळ्यांचा फणा घेऊन आल्या, दारातूनच त्यांची नजर आमच्या पलंगावर गेली आणि केळी जमिनीवर ठेवून त्या भराभर काहीतरी बोलायला लागल्या. भाषा कळत नव्हती, सूर कळत होता. कुणी उंबऱ्यावर बसलं की माझी आई ज्या सुरात बोलते, तोच. नवऱ्याने अर्धंमुर्धं समजून घेऊन सांगितलं, आपण डोकी समुद्राकडे आणि पाय डोंगराकडे करून झोपतोय. डोंगर म्हणजे गुनुंग आगुंग, तीन हजार मीटरहून उंच जागता ज्वालामुखी, देवांचं राहतं घर. देवांकडे पाय करून माणसं झोपत नाहीत. डोकं एकतर 'काजा', म्हणजे डोंगराच्या बाजूला, नाहीतर 'कांगिन', म्हणजे पूर्वेला.

त्यात काय, फिरवू की, असं म्हणून मी पलंगाला हात घातला आणि थबकले. बालीच्या दक्षिण भागात डोंगर येतो उत्तरेला. उत्तरेला डोकं आणि दक्षिणेला पाय करून आमच्याकडे फक्त मढं ठेवतात! आता मी भराभर बोलायला लागले, बाई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि नवरा दोघींच्या मधे पलंगाचा एक पाय धरून उभा. शेवटी दोन्हीकडच्या देवांना चालणारी एकच दिशा उरली, पूर्व. पलंग तसा लावला की कपाटाचं डावं दार उघडत नाही. इतकी वर्षं आम्ही एकाच दारातून कपडे काढतोय.

मी मूळची राजापूरकडची. नवरा हॉटेलातल्या स्वयंपाकघरात, भटारखान्यात म्हटलं की चिडतो, शेफ आहे. २०२२ च्या सप्टेंबरात त्याला बालीत नुसा दुआच्या एका हॉटेलात काम मिळालं आणि आम्ही सनूरला घर घेतलं. इथे भाडं महिन्याचं नाही, वर्षाचं आणि तेही आगाऊ, हे आल्यावर कळलं. व्हिसाच्या एजंटने घातलेल्या घोळाबद्दल लिहीत नाही, लिहायला बसले तर लेख त्याचाच होईल. माझा परवाना नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा, त्यावर नोकरी करता येत नाही. त्यामुळे सकाळी तो स्कूटरवरून गेला की मी, घर आणि समोरच्या अंगणातल्या घरमालकीणबाई. त्यांना मी 'इबू' म्हणते. शब्दाचा अर्थ आई, पण कुठल्याही बाईला आदराने म्हणतात.

निघण्यापूर्वी सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, अगो, बाली म्हणजे आपलंच. हिंदू लोक, घराघरात देवळं, भात, नारळ, पाऊस, मग काळजी कसली? मलाही तसंच वाटत होतं. बेट आमच्या रत्नागिरी जिल्ह्याहून लहान, विमानतळाबाहेर पडल्यावर पहिल्या मोठ्या चौकात कोण, तर घटोत्कच. आभाळातून कर्णाच्या रथावर झेपावलेला, घोडे उधळलेले. आमच्याकडे घटोत्कचाचा एवढा मोठा पुतळा मी कुठे पाहिलेला नाही. रस्त्यावर पाटी 'गोवा गजाह'. गोवा म्हणजे गुहा, गजाह म्हणजे हत्ती. संध्याकाळी सहाला कर्ण्यावरून चक्क गायत्री मंत्र, फक्त 'व'चा 'वॉ' झालेला. पहिल्या संध्याकाळी मी आईला फोन लावून तो ऐकवला आणि दोघी रडलो.

नंतरच्या वर्षभरात मला पुन्हा पुन्हा वाटलं की नॉर्वेला गेले असते तर बरं झालं असतं. तिथे बर्फ असतो, काही कळत नाही, माणूस पहिल्या दिवसापासून सावध राहतो. इथे मी सावध नव्हतेच. ओळखीचं काही दिसलं की धावत जायचे आणि दर वेळी कपाळावर आपटायचे.

इबूंचा नातू रांगता होता. पहिल्यांदा कडेवर घेतला तेव्हा आपण करतो तसा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याची आई काही बोलली नाही, फक्त माझा हात हलकेच उचलून बाजूला केला. डोकं हा इथे माणसाचा सगळ्यात पवित्र भाग, दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायचा नाही. आमच्याकडेही ते पवित्रच आहे, म्हणून तर आशीर्वाद तिथे ठेवतात. आता हे कुणाला आणि कुठल्या भाषेत समजावणार?

भाषा हे तर वेगळंच प्रकरण. इंडोनेशियन शिकायला सोपी, क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही आणि निम्मे शब्द आपल्याच घरातून गेलेले. 'नामा', 'गुरू', 'राजा', 'भाषा' (लिहितात 'बाहासा'), 'कारना' म्हणजे कारण. 'काचा' म्हणजे काच, 'कापास' म्हणजे कापूस, 'टोपी' म्हणजे टोपी. पोर्तुगीज इकडेही फिरून गेलेत, म्हणून अननसाला 'नानास' आणि अलमारीला 'लेमारी'. पहिल्या महिन्यात मी वहीत असे शंभरेक शब्द लिहिले आणि स्वतःवर खूश झाले. नंतर कळलं, शब्द आपले असले तरी दिल्या घरी जाऊन ते तिथल्यासारखे वागायला लागलेत. 'सुआमी' म्हणजे नवरा, हे ठीक, सासूबाईंना आवडलं असतं. 'इस्त्री' म्हणजे बायको. 'दोसा' म्हणजे पाप, मूळचा दोष. मी एकदा इबूंना मोठ्या उत्साहाने सांगितलं की उद्या सकाळी मी डोसा करणार आहे, तुम्ही सगळे या. त्या बराच वेळ माझ्याकडे काळजीने बघत होत्या.

पण खरा धक्का दिला 'संसारा'ने. दिवसभर तुम्ही घरात काय करता, असं इबूंनी विचारलं होतं. मला जमेल तशी मी सांगत होते, की आमच्या भाषेत एक छान शब्द आहे, नवरा, घर, भांडीकुंडी, मुलंबाळं, या सगळ्याला मिळून आम्ही 'संसार' म्हणतो. इबूंनी शब्द दोनदा म्हणून बघितला. मग त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. "सेंगसारा!" त्या म्हणाल्या आणि मांडीवर थाप मारून हसायला लागल्या. सुनेला हाक मारली, तीही हसली. इथे 'सेंगसारा' म्हणजे हालअपेष्टा. "बनार, बनार," इबू डोळे पुसत म्हणाल्या. बरोबर आहे, बरोबर आहे.

काही गोष्टी अगदी उलट्या. आपल्याकडे बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे चाललात' विचारत नाहीत, अपशकुन होतो. आजी तर 'लांब निघालास का रे' असं आडून विचारायची. इथे रस्त्यात भेटलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो, कुठे निघालात? तीच नमस्काराची रीत. सुरुवातीला दर वेळी छातीत धस्स व्हायचं आणि मी घरात येऊन पाच मिनिटं बसून पुन्हा निघायचे. भाजीवाल्याकडे जायला कधी कधी तीन फेऱ्या. आता मीही विचारते. कुणी मला विचारलं तर 'जालान-जालान', म्हणजे उगाच फिरायला. खरं उत्तर कुणालाच नको असतं.

एका शब्दावर मात्र माझा जीव जडला, 'बलूम'. अर्थ 'अजून नाही'. मूल आहे का, या प्रश्नाला 'नाही' म्हणणं इथे उद्धटपणाचं, जवळजवळ अभद्र. 'बलूम' म्हणायचं. लग्न झालं का, जेवलात का, बालीची भाषा येते का, डोंगर पाहिलात का, काहीही विचारलं आणि नसलं, की बलूम. मला मूल नाही. गावाकडे हा प्रश्न आला की त्यामागून वैद्य, नवस, जळगावचे कुठलेसे डॉक्टर असं सगळं येतं. इथे बलूम म्हटलं की समोरची बाई मान हलवते आणि भाजीच्या भावावर येते.

मासे खाणाऱ्या घरातली असल्यामुळे खाण्याचे माझे हाल झाले नाहीत. शाकाहारी मैत्रीण महिनाभर राहायला आली होती तेव्हा कळलं की इथल्या चटणीत, भाजीत, सगळ्यात 'तेरासी' असते. बारीक कोळंबीची कुजवून केलेली वडी. मला तिच्या वासाने आमच्या माळ्यावरच्या सुक्या जवळ्याची आठवण येते, मैत्रिणीला मात्र उलटी येत होती. जिंबारानजवळ केडोंगानानचा मासळीबाजार आहे. तिथे पहिल्यांदा गेले ती सकाळ मी विसरणार नाही. कुठल्याच पाटीवरचं नाव कळत नव्हतं, पण टोपलीत चकचकीत बांगडे. 'केंबुंग' म्हणतात. 'तेंगिरी' म्हणजे सुरमई, 'बावाल' पापलेट, 'चुमी' माकूल. मी हिंडत होते आणि मोठ्याने मराठीत नावं घेत होते. एका कोळणीने सुरमईचा कल्ला उघडून लाल रंग दाखवला, मी नाक मुरडलं, तिने भाव उतरवला. या व्यवहारात कुणीच काही बोललं नव्हतं.

कोकम नाही मिळत. आमसुलं आईने दिलेली संपली आणि मी चिंचेवर आले, मग इबूंच्या परसातल्या बिलंबीवर. ती लांबट, हिरवी, दात आंबवणारी फळं, इथे 'बलिंबिंग वुलुह'. बांगड्याच्या तिखल्यात घातली तर वाईट लागत नाही. एवढंच म्हणेन. तिरफळाला मात्र इथे पर्याय नाही. नवऱ्याच्या हाताखालचा सुमात्राचा मुलगा त्यांच्याकडची 'आंदालिमान' घेऊन आला, त्याच कुळातली, जीभ तशीच झिणझिणते, पण वासाला लिंबू. चहात मी गवती चहा घालते ते बघून इबूंना हसू आवरत नाही. त्यांच्या लेखी ती कांद्या-मिरचीबरोबर कच्ची चिरून भाताशी खायची वस्तू.

आता गालुंगानचं सांगते, कारण तिथेच मी सगळ्यात जोरात आपटले.

बालीत दोन पंचांगं एकाच वेळी चालतात. एक आपल्यासारखं चांद्रमासाचं, शकाचं. दुसरं 'पावुकोन', दोनशे दहा दिवसांचं, ज्याचा चंद्राशी संबंध नाही. गालुंगान त्या दुसऱ्या पंचांगाने येतो, दर दोनशे दहा दिवसांनी, नेहमी बुधवारी. पितर घरी येतात आणि दहा दिवसांनी कुनिंगानला परत जातात. आम्ही आल्यानंतरचा पहिला गालुंगान ४ जानेवारी २०२३ ला आला. आदल्या दिवशी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडले आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबले. प्रत्येक घरासमोर उंच बांबू उभा, नारळाच्या कोवळ्या पात्यांनी सजवलेला, त्याला भाताच्या लोंब्या, फळं, कापड. गल्ली संपेपर्यंत दोन्ही बाजूंना. गुढ्याच गुढ्या! मी तिथेच उभी राहून नवऱ्याला फोन केला की अरे, इथे पाडवा आहे.

त्याला 'पेंजोर' म्हणतात आणि तो ताठ नसतो. त्याचं टोक रस्त्यावर झुकलेलं असतं, कुणी मान वाकवून खाली बघावं तसं. हे मला नंतर दिसलं. तेव्हा मी नुसती भारावून इबूंच्या अंगणात गेले आणि तिथे पुरुष मंडळी डुकराचं मांस बारीक करत बसली होती. पेंजोर उभारतात तोच दिवस डुकरं कापण्याचा. खोबरं, शेंगा, मसाला, मांस, आणि वरून ताजं रक्त, असा 'लावार' भल्या पहाटेपासून चालू. कुणीतरी माझ्यासमोर केळीच्या पानावर वाटा धरला. सगळे हसत होते, प्रेमाने. मी पान हातात घेतलं, घरात आले आणि दार लावून बसले. रक्ताची मला किळस आली नव्हती, कोकणात कोंबडी, बोकड सगळं बघितलंय. मला राग आला होता. कुणावर, ते सांगता आलं नसतं. जणू कुणीतरी माझ्या आईच्या साडीत तिऱ्हाईत बाई उभी केली होती आणि ती वळली तेव्हा चेहरा वेगळा निघाला. आणि त्या बाईचा बिचारीचा काय दोष? साडी तिचीच होती.

तो पावसाळा वाईट गेला. इथला पाऊस नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपल्या हिवाळ्यात. मे महिन्याच्या काहिलीनंतर येणारा जो मृगाचा पाऊस अंगात मुरलाय, तो इथे येत नाही. ज्या दिवसांत हुरडा आणि तिळगूळ आठवायचे त्या दिवसांत चपलांना बुरशी. कपाटाच्या न उघडणाऱ्या दारामागे ठेवलेल्या पैठणीवर पांढरे ठिपके आले. इथलं घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे मला बोलावंसं वाटायचं तेव्हा आई झोपलेली आणि ती मोकळी व्हायची तेव्हा आमची जेवणं. रात्री छताच्या वाशात तोकेक ओरडायचा. पालीचा थोरला भाऊ, हातभर लांब, स्वतःचं नाव घेऊन ओरडतो, तो-के, तो-के. किती वेळा ओरडतो ते मोजायचं, सात वेळा ओरडला तर भाग्य. मी मोजायचे. तो सहाला थांबायचा.

फेब्रुवारीत मी पंचांग काढून बघितलं तर पाडवा २२ मार्चला. इबूंच्या भिंतीवर बालीचं कॅलेंडर असतं, आपल्या कालनिर्णयाहून गच्च, एकेका चौकोनात पाच-सहा नावं. त्यातही २२ मार्चला खूण होती, न्येपी. नवं वर्ष, शके १९४५. मी वर्ष पुन्हा वाचलं. शके १९४५, आमचाच आकडा. संकल्पात भटजी म्हणतात तो शालिवाहन शक कितीएक शतकांपूर्वी समुद्र ओलांडून इथे आला आणि या भिंतीवर टांगला गेला होता.

पण गालुंगानने मला शहाणं केलं होतं. आधी विचारलं, न्येपीला काय करतात? इबूंनी चार बोटं दाखवली. 'अमाती गेनी', अग्नी नाही. 'अमाती कार्य', काम नाही. घराबाहेर जाणं नाही. करमणूक नाही. आमच्याकडे कार्य म्हणजे लग्नमुंज, पाचशे पान. इथे चोवीस तास सगळं बेट गप्प. विमानतळ बंद. २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद. रस्त्यावर फक्त 'पचालांग', गावाचे राखणदार, चौकड्याचं लुंगीवजा वस्त्र नेसून फिरत असतात, दिवा दिसला तर दार वाजवतात. भुताखेतांनी वरून बघितलं तर बेट ओस पडलंय असं वाटून ती निघून जावीत, अशी कल्पना.

म्हणजे आमच्या पाडव्याला सूर्योदयाला गुढी उभारायची नाही, निरांजन लावायचं नाही, कढई चढवायची नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी एक! मी इबूंना विचारलं, छोटीशी काठी आहे, चालेल का? त्यांनी बराच विचार केला. घरात करा, म्हणाल्या. आवाज नको, आग नको.

कडुनिंब मिळवण्यात महिना गेला. फोनवर पानांचे फोटो दाखवत मी सनूरभर हिंडले. शेवटी इबूंच्या यजमानांनी फोटो बघितला आणि म्हणाले, हे तर इंतारान. सनूरमधल्या ज्या गावात आम्ही राहतो त्याचं नावच इंतारान. मी रोज ज्या पाटीखालून जात होते तिच्यावर माझ्याच झाडाचं नाव लिहिलेलं होतं.

आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह. बांबू आणि कागदाचे प्रचंड राक्षस, पोरं खांद्यावर घेऊन नाचवतात, चौकात आले की गरागरा फिरवतात, ढोल, थाळ्या, मशाली. शिमग्यात आमच्या गावची पालखी नाचवतात तेव्हा खांदेकऱ्यांच्या मानेच्या ज्या शिरा ताणतात, त्या मला इथे ओळखू आल्या. फक्त बोंब मारायची राहिली होती, ती मी मारली. आसपासच्या पोरांना ती फार आवडली.

सकाळी जाग आली ती आवाज नसल्यामुळे. स्कूटर नाही, कोंबडे तेवढे होते. खिडकीच्या गजाला आतून काठी बांधली, तिला आईने दिलेला जांभळा खण, इंतारानचा डहाळा, घरी साखरेच्या पाकाच्या ओतलेल्या वाकड्यातिकड्या गाठी, आणि वर पालथा तांब्या. तांब्या छताला टेकत होता. दिवा न लावता हात जोडले. आदल्या दिवशीच चक्का टांगून केलेलं श्रीखंड आणि गार पुऱ्या. आम्ही दोघं कुजबुजत जेवलो. रात्री अमावास्येनंतरचा काळोख आणि सगळ्या बेटावर एक दिवा नाही. अंगणात चटई टाकून पडलो तर मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर, आणि एवढ्या चांदण्या मी लहानपणी गावात वीज जायची तेव्हाही पाहिल्या नव्हत्या. भिंतीपलीकडे इबूही अंगणात होत्या, त्यांची खाकर ऐकू येत होती. कुणी कुणाला हाक मारली नाही.

२०२४ ला गुढी उभारलीच नाही. न्येपी ११ मार्चला होऊन गेली होती, आमचा पाडवा आला ९ एप्रिलला. अधिक महिना दोघं घालतात, पण एकाच वेळी घालत नाहीत, मग एखाद्या वर्षी महिन्याची फारकत पडते. उभारली नाही त्याचं कारण हे नव्हे. नोव्हेंबरात नवऱ्याची आजी गेली होती, त्यामुळे वर्षभर सण नाहीत. आजीनेच त्याला वाढवलेलं. निरोप पहाटे आला, विमानं जुळेनात, आणि तिकडे दुपारच्या आत सगळं उरकलं. चुलतभावाने फोन धरून दाखवलं, आणि मधेच नेटवर्क गेलं.

सुतक आहे, दहा दिवस आम्हाला देवाधर्माचं काही चालणार नाही, हे मी इबूंना खाणाखुणांनी सांगायला गेले. मला वाटलं होतं हे समजावणं कठीण जाईल. त्या म्हणाल्या, "सेबेल." आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांच्याकडेही मृत्यूनंतर घर सेबेल असतं, देवळात जायचं नाही. त्या दहा दिवसांत त्यांनी आमच्या दाराशी रोजची फुलं ठेवली नाहीत, पण भात पाठवला. तिसऱ्या दिवशी नवरा पायरीवर बसला होता तिथे त्या येऊन बसल्या आणि विचारलं, कधी जाळणार?

"जाळलं," तो म्हणाला. "त्याच दिवशी."

इबूंना पटेना. त्याच दिवशी? त्यांच्या सासऱ्यांना आधी पुरलं होतं. पैसे जमायला, मुहूर्त यायला, गावातल्या बाकीच्यांबरोबर सामुदायिक 'ङाबेन', म्हणजे दहनविधी, ठरायला चार वर्षं लागली, मग पुन्हा बाहेर काढून थाटाने अग्नी दिला. तोपर्यंत मुलं परगावाहून आली, भांडणं मिटली, रडून झालं. "एवढी घाई कसली?" त्यांनी विचारलं. "म्हातारी कुठे जाणार होती?"

आम्ही लहानपणापासून उलट ऐकलेलं, मढं अडवून ठेवू नये, जिवाला गती मिळत नाही. नवऱ्याने तेच सांगायला तोंड उघडलं आणि त्याला रडू फुटलं. निरोप आला त्या पहाटेपासून तो रडला नव्हता. इबू उठल्या नाहीत. नातू अंगणात कोंबडीच्या मागे धावत होता, त्याच्याकडे बघत बसून राहिल्या.

त्यानंतर मी साम्यं शोधायची सोडली, म्हणजे ठरवून नव्हे. तुंपेक लांदेपला लोखंडाची पूजा करतात आणि त्यात स्कूटरला गंधफूल वाहतात, हे बघून पूर्वी मी 'आपली खंडेनवमीच' म्हणून फोटो काढून पाठवले असते. आता सकाळी आपली स्कूटर धुऊन रांगेत लावते. दारातल्या चानांगवर, नारळाच्या पात्याच्या त्या बोटभर फुलांच्या परडीवर, सुरुवातीला चुकून पाय पडला की मी जीभ चावून नमस्कार करायचे. इबू मात्र वाळलेली चानांग सरळ केरसुणीने लोटतात, निर्माल्याचं काही कौतुक नाही. देवाने घ्यायचं ते घेतलं, उरला तो कचरा. फुलांवर कधी बिस्कीट असतं, कधी चॉकलेट, एकदा सिगारेट होती. सिगारेट कुठल्या देवाला, ते अजून विचारलेलं नाही. बलूम.

२०२५ ला न्येपी आली २९ मार्चला आणि पाडवा ३० ला. न्येपीच्या दुसऱ्या दिवसाला 'ङम्बाक गेनी' म्हणतात, पुन्हा अग्नी पेटवायचा, शेजारीपाजारी जाऊन झालं गेलं विसरा म्हणायचं. म्हणजे या वेळी दिवा होता, आवाज होता, कढई होती. गुढी बाहेर, फाटकाला बांधली, चांगली उंच. सकाळपासून जो येई तो थांबून बघे. पोरांनी गाठी मागितल्या, खाल्ल्या, कडुनिंब-गुळाची गोळी दिली ती थुंकली.

इबू आणि त्यांचे यजमान नवीन कपडे करून आले. यजमान पेंजोरमधले जाणकार, गल्लीतल्या निम्म्या घरांचे त्यांच्या सल्ल्याने होतात. हात मागे बांधून त्यांनी गुढीभोवती एक फेरी मारली.

"ताठ का?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर आलं नाही. विजयाची असते, असं काहीतरी म्हणाले.

"आणि भांडं उलटं? पाणी सांडून जाणार."

पाणी नसतंच त्यात, मी म्हटलं. यावर ते इबूंकडे बघून काहीतरी बालीच्या भाषेत बोलले, इबूंनी त्यांना गप्प केलं. मग त्यांनी बांबू हलवून पाहिला आणि मान नकारार्थी हलवली. हा बांबू गेलेला, पोकळ. बांगलीकडे चांगला मिळतो, पुढच्या वेळी मी आणून देईन. पुढची कधी, दोनशे दहा दिवसांनी?

नाही, वर्षाने. आत जाऊन पंचांग बघून आले. १९ मार्च २०२६. त्यांनी तारीख ऐकली, खिशातून चष्मा काढला, स्वतःच्या घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर बराच वेळ उभे राहिले आणि परत आले.

"त्या दिवशी न्येपी आहे," ते म्हणाले. फाटकावरच्या काठीकडे वर बघत त्यांनी हाताने माप घेतलं, मग आमच्या खिडकीकडे बघून पुन्हा घेतलं. "मग लहानच आणतो. घरात मावला पाहिजे."